तूलिक्कीबाईंच्या स्वमुलखातील एका लढाईची हकीकत

आदौ हिमास नमन, मग सहस्र सरोवरांस नमन, आणि दरबारी ज्यांचे नाव कोणी घेत नाही त्यांस तीन वेळा नमन. शके १९२५, माघमास. उत्तरेस फिन लोकांचे एक राज्य. तेथे हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवावयास लाजतो आणि रयत बर्फावरील हॉकीपायी वेडी. हॉकीवाला शिंकला तरी नगारा वाजे. ऐशा मुलखी तूलिक्कीबाई टेनिस खेळू लागल्या, म्हणजे मासळीबाजारी अत्तराचे दुकान मांडिले. त्यांचे तीर्थरूप ताउनोराव नगरीच्या हॉकीमहालाचे बर्फरक्षक. बर्फ घोटावा, पाणी घालावे, यंत्राने पुन्हा गोठवावा, ऐसी तीस वर्षांची चाकरी. बर्फ सोडोन एक दिवस कोठे गेले नाहीत. आणि बाईंच्या लढाया सर्व परमुलखी. जिंकोन फोन करीत, "बाबा, जिंकले." ताउनोराव म्हणत, "बरे जाहले. जेवलीस?" इतकेच. बाईंस चषकाचा लोभ नव्हता. बापाने आपणांस जिंकताना एकदा डोळ्यांनी पाहावे, हा ध्यास, आणि तो ध्यास परक्या गावच्या खोल्यांत उशाशी घेऊन बाई सात वर्षे निजल्या.

मग राष्ट्रांच्या चषकाची लढाई स्वनगरीत नेमिली, आणि जागा नेमिली तो हॉकीमहाल. टेनिसाचे कारभारी पेंटीपंत, ज्यांनी जन्मात रॅकेट धरिली नाही, ते बोलिले, "बर्फ वितळवू नका. तिसरे दिवशी हॉकी आहे. बर्फावर फळ्या टाका, फळ्यांवर गालिचा, आणि गालिच्यावर बायका." ऐसी अक्कल! ताउनोरावांस मात्र हर्ष मावेना. "माझ्या बर्फावर माझी लेक!" म्हणोन त्यांनी कोणास न पुसता यंत्र आणखी थंड केले आणि बर्फ पाषाणासारिखा केला, की पोरीच्या पायांखाली भुई हलू नये. मायेपोटी केले आणि तेथेच घात जाहला. टेनिसाचा चेंडू थंडीने मरतो, हे त्या बापास कोणी सांगितले नव्हते.

लढाईस प्रारंभ जाहला. बाईंची सारी विद्या चेंडू प्रतिपक्षाच्या खांद्यावर उडविण्याची, आणि येथे चेंडू गुडघ्यावर चढेना. तरी पहिला सेट बाईंनी नेटाने मारिला. मग गारठा वर आला, लोकांच्या श्वासाने गालिचा ओलावला, आणि बाई दोन वेळा घसरल्या. पेंटीपंत धावत आले आणि कानाशी लागले, "अहो, तक्रार करा! बर्फ फाजील गोठविला आहे. पंच खेळ थांबवतील, बर्फवाल्याचे नाव लिहून घेतील, आपण सुटू." बाईंनी वर पाहिले. ताउनोराव पहिल्या रांगेत, दाढी करोन, नवा स्वेटर घालोन, हात मांडीवर ठेवोन बसले होते. मुख ऐसे फुलले होते की जणू बर्फ त्यांनीच आकाशातून उतरविला. बाई बोलिल्या, "तक्रार नाही."

"वेड लागले काय तुम्हांस?"

"लागले. बाजूस व्हा."

मग दुसरा सेट गेला आणि तिसऱ्यात बाई पुन्हा घसरल्या, तो गुडघा फिरला. लंगडत लढल्या आणि हरल्या. बाहेर आल्या, तो बाप सामोरा. "पोरी, भुई हलली तर नाही ना?"

"नाही बाबा. पक्की होती."

त्याउपरी दोन वर्षे बाईंनी गुडघा बांधोन मोहिमा केल्या आणि शके १९२८ सालात रॅकेट ठेविली. टेनिसाच्या दरबारातून चार ओळींचे पत्र आले, त्यात नाव चुकीचे. पेंटीपंतांस बढती.

मग ज्येष्ठ लागला, हॉकी सरली, महालातील बर्फ रीतीप्रमाणे वितळविला. ताउनोरावांनी लेकीस बोलाविले. कोरड्या भुईवर त्यांनी आपल्या हाताने जाळे बांधिले होते, रेषा आखिल्या होत्या, आणि पाटीत चेंडू होते. बाईंनी एक उचलोन भुईवर आपटिला, तो छातीपर्यंत उडाला. ताउनोराव त्या चेंडूकडे फार वेळ पाहत राहिले.

"मज कोणी सांगितले नाही," ते बोलिले.

बाईंनी चेंडू पाटीत ठेविला.

"खेळ आता."

"समोर कोणी नाही, बाबा."

"येईल कोणी," म्हणोन ताउनोराव पहिल्या रांगेत जाऊन बसले, हात मांडीवर ठेवोन.

येणेप्रमाणे हकीकत. बाईंचे विजय परमुलखी एकशे चौदा, बापाचे डोळ्यांदेखत एकही नाही. दरबारी दप्तरात हे कोणी लिहिले नाही, सबब येथे लिहिले.