महेश्वरअप्पांनी एका शब्दावर मैदान मारिले, त्याची हकिकत

श्रीसिद्धरामेश्वरांस साष्टांग नमन करून, शुक्रवार पेठेतील समस्त थोरांची रजा घेऊन, सोलापूर शहरी फुटबॉलचे रणी जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले असे. ऐकणारांनी चित्त द्यावे, चहा मागाहून येईल.

राजश्री महेश्वरअप्पा, घरची बोली कानडी, बाजारची मराठी, तरुणपणी पेठेच्या संघाचे बचावाचे खंदे शिलेदार होते. पायांत जोर, छातीत दम, आणि कप्तान आबासाहेब यांचे हुकमाबाहेर पाऊल न टाकणे हा तर बाणाच. मग जिल्हा चषकाचा अखेरचा संग्राम मांडला, उभयपक्षी बरोबरी चालली, आणि गनिमाचा सरदार चेंडू घेऊन एकटाच चालून आला, तेव्हा कप्तानांनी मागून गर्जना केली, "बिड!" अप्पांनी हुकूम ऐकिला, अदबीने बाजूस झाले, आणि चेंडू जाळ्यात दाखल झाला.

मग काय पुसता! फौजेत हाहाकार उडाला. कप्तान कडाडले, "बिड म्हनलं तर वाट सोडतूस व्हय रं?" अप्पा थक्क. हुकूम मानिला आणि वर शिव्या खाल्ल्या, हा कोणता न्याय? सबब कप्तानांनीच दगा केला ऐसे मनी धरून त्यांनी कप्तानांशी बोलणेच तोडिले, आणि पेठेने त्यांस 'वाटसोडे' हा किताब बहाल केला. मग बूट खुंटीस गेले, येणेजाणे चौक टाळून मागच्या बोळीने सुरू झाले, आणि अप्पांनी नवी पेठेत कापडाचे दुकानी चाकरी पत्करिली.

पुढे ऐन दिवाळीत त्याच दुकानी एका जांभळ्या साडीवरून लढाई जुंपली. एक टोक अक्कलकोटाकडील रुद्राणीबाईंचे हाती, दुसरे बार्शीकडील सोजरबाईंचे सुनेचे हाती. सोजरबाईंनी सुनेस चेतविले, "बिड गं, बिड!" त्यासरशी रुद्राणीबाईंनी साडी सोडिली, सून गठ्ठ्यांवर उताणी पडली, आणि रुद्राणीबाई फणकारल्या, "तुमीच सोड म्हनलात की!"

तेव्हा अप्पांचे डोकीत लख्ख उजेड पडला. कानडीत 'बिड' म्हणजे सोड, आणि 'भिड' म्हणताना 'भ'चा 'ब' करणे ही तर या मुलखाची पुरातन वहिवाट. दगा कोणाचाच नव्हता! अप्पा कापडाआड बसून आधी रडले, आणि मग पोट धरून हसले.

मग त्यांनी मुलींचा संघ उभारिला, घाम गाळिला, दोन तालुके जिंकिले, आणि जिल्हा चषकाचे अखेरचे संग्रामी जाऊन ठाकले. समोर प्रतिपक्षाचे प्रशिक्षक कोण? तेच आबासाहेब! पेठेत आवई उठली, की वाटसोड्याच्या पोरी वाटच सोडणार. आज शिकस्त झाली तर हा किताब सरणापर्यंत सोबत येणार हे जाणून अप्पांना रात्री झोप नाही, जेवण गोड नाही. सबब आघाडीच्या सिद्धेश्वरी व अंकिता यांस पाचारण करून फर्मान दिले, की चेंडू पायाशी येत असता आबासाहेब 'बिड' म्हणतील तर सिद्धेश्वरीने तो हुकूम कानडीत ऐकावा, आणि अंकिताने पिछाडीस दबा धरून असावे.

संग्राम घोर झाला. बरोबरी फुटेना, वेळ सरत आली, आणि चेंडू सिद्धेश्वरीकडे येताच आबासाहेब बेंबीच्या देठापासून ओरडले, "बिड! बिड!" त्यांच्या बचावाच्या दोन्ही वीरांगना तिजवर तुटून पडल्या, आणि तिने अदबीने पाय फाकवून चेंडू जाऊ दिला. मागे अंकिता उभीच होती. तिने असा तडाखा दिला, की जाळे फाटायचे राहिले.

मग आबासाहेब धापा टाकीत आले आणि पुसते झाले, "आरं, पोरीनं बॉल सोडला कसा?"

अप्पांनी हात जोडिले. "तुमचा हुकूम पाळला की, कप्तान. आमच्यात बिड म्हंजी सोड. त्या दिशी मीबी त्योच पाळला हुता."

आबासाहेबांना कळावयास अंमळ वेळ लागला, आणि कळले तेव्हा डोळे भरून आले. मग त्यांनी भर मैदानात दवंडी दिल्यागत पुकारा केला, की महेश्वर डरला न्हाय, त्यानं माजं आयकलं हुतं!

येणेप्रमाणे फत्ते जाहली, चषक शुक्रवार पेठेत दाखल झाला, आणि 'वाटसोडे' हा किताब सर्वांदेखत खालसा करण्यात आला. त्या सायंकाळी अप्पांची स्वारी मागची बोळ न धरता भर चौकातून घरी गेली.