खोली नंबर चारमधली शांतता

शांतता आपोआप नांदत नाही. ती नांदते आहे हे लोकांना वरचेवर आणि मोठ्यानं सांगावं लागतं. नाहीतर भोळी माणसं आजूबाजूला पाहून भलताच समज करून घेतात. बेचाळीस साली वऱ्हाडात हा धोका फार वाढला. तेव्हा अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक लॉजिंगात, खोलीखोलीत रेडिओचा एकेक कर्णा बसवावा, असा हुकूम निघाला. (घरी माणूस बायकोचं ऐकतो. परगावी त्याला ऐकवणारं कोणी नसतं, ही उणीव सरकारनं बरोबर हेरली.)

अमरावती स्टेशनाजवळ खुशालरावांचं सात खोल्यांचं लॉजिंग होतं. त्यांच्या बैठकीत सरकारी रेडिओ आला, तिथून तारा गेल्या आणि सातही भिंतींवर कर्णे चढले. प्रत्येक कर्ण्याखाली एक बटण होतं. उजवीकडे फिरवलं की आवाज वाढे. डावीकडे ते फिरतच नसे. आवाज किती वाढवायचा, याचं गिऱ्हाइकाला पूर्ण स्वातंत्र्य होतं.

खुशालराव मूळचे शेतकरी. आभाळाशी आणि सरकारशी हुज्जत घालायची नाही, एवढं ते जन्मतःच शिकले होते. पहिल्याच महिन्यात जिल्ह्यातली अशांतता एक्क्याण्णव टक्क्यांनी घटल्याचं कर्ण्यानं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. (उरलेले नऊ टक्के कानानं अधू असावेत.)

मग एका सकाळी त्यांचा मेव्हणा नत्थुजी आला. नांदगाव खंडेश्वराकडच्या त्याच्या गावात लोकांनी झेंडा काढला होता आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. त्याचा उजवा हात कोपराखाली मोडून भलतीकडेच वळला होता. खुशालरावांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, भावाला चार नंबरात निजवलं.

"डाक्टरले बलावू का?" खुशालरावांनी विचारलं.

"कावून? जेलात धाडाचं हाये का त्याले?" रुख्मिणीबाई म्हणाल्या.

त्यांचं खरं होतं. गावात लाठी चाललीच नाही, असं कर्णा सकाळ-संध्याकाळ सांगत होता. त्यामुळे लाठीनं हात मोडलेला माणूस म्हणजे चालतीबोलती अफवा ठरत होता, आणि अफवा आढळताच चौकीवर कळवायचं, अशी प्रत्येक डॉक्टरला ताकीद होती.

नत्थुजी दिवसभर कण्हत पडला. दुपारी खुशालराव पाण्याचा तांब्या घेऊन व्हरांड्यात आले, तर तीन नंबरातल्या पेन्शनर हेडमास्तरांनी कर्ण्याचं बटण उजवीकडे फिरवलं. मग पाच नंबरातल्या अकोल्याच्या वकिलांनी फिरवलं, पाठोपाठ सहामधल्या भिक्षुकांनी. कण्हणं जरा वाढलं की आवाजही वाढे. कोणी दार उघडून काही विचारलं नाही. खुशालराव तांब्या धरून तिथंच उभे राहिले. त्यांना राग आला, पण तो नेमका कोणाचा, ते कळेना.

रुख्मिणीबाईंनी रागात वेळ घालवला नाही. "सातच्या बातम्यायच्या टायमाले हात बसवून घेऊ," त्या म्हणाल्या. "हे लोक आपल्यासाठीच बटन पिळतीन."

सातला माणिकबाई आल्या. तेल, चिंध्या आणि बांबूच्या कामट्या घेऊन गावोगाव हाडं बसवणारी ही म्हातारी. त्या चार नंबरात शिरल्या आणि त्याच वेळी बैठकीत प्रसिद्धी खात्याचे इन्स्पेक्टर मोरोपंत कर्णे तपासायला येऊन खुर्चीत बसले. खुशालरावांनी घाईघाईनं चहा सांगितला.

"वऱ्हाडात सर्वत्र शांतता आहे," कर्णे बोलू लागले. आत माणिकबाईंनी हात ओढला. नत्थुजीनं तोंडातला धोतराचा बोळा थुंकून अशी किंकाळी फोडली, की सहाही खोल्यांतून बटणं करकरली आणि शांतता शेवटच्या पट्टीत ओरडू लागली.

मोरोपंतांनी कान टवकारले. "काय झालं हो?"

"चार नंबरातलं गिऱ्हाईक हाये, साहेब," खुशालराव म्हणाले. "बातम्या आयकून खुश होऊन राह्यलं."

मोरोपंत कर्तव्यदक्ष होते. गिऱ्हाइकाच्या खुशीत व्यत्यय नको म्हणून चार नंबर सोडून त्यांनी बाकी सहा खोल्यांची दारं ठोठावून, काही वावगं ऐकू आलं का, अशी चौकशी केली. हेडमास्तर म्हणाले, "छे! बातम्या मात्र फार स्पष्ट येतात हं." वकिलांनी काहीच ऐकलं नव्हतं, आणि ते लिहून द्यायचीही त्यांची तयारी होती. भिक्षुक जप करत होते. बाकीच्या तिघांनी "आँ?" एवढंच विचारलं. मोरोपंतांनी वहीत नोंद केली: 'खोली चार, उत्स्फूर्त प्रतिसाद', आणि चहा घेऊन ते समाधानानं गेले.

खुशालराव धावतच चार नंबरात गेले. हात सरळ झाला होता, कामट्या बांधून झाल्या होत्या. नत्थुजी घामानं निथळत हसला. "भाऊजी, आता ह्या हातानं पुन्यांदा झेंडा धरता येते का नाही?" खुशालरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारचा विचार न करता उत्तर दिलं, "येते." दोन दिवसांनी, उजेड असतानाच, तो गावच्या गाडीनं निघून गेला. पुढल्या महिन्यात जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजाबद्दल लॉजिंगाला सरकारी प्रशस्तिपत्र मिळालं.

त्या सहा गिऱ्हाइकांविषयी मात्र गैरसमज नसावा. ती वाईट माणसं नव्हती. शिकलीसवरली होती, कनवाळू होती. कोणा नत्थुजीचा हात मोडल्याची हकीकत छापून आली, तर ती शेवटपर्यंत वाचणारी, मधे दोन-तीनदा हसणारी, आणि वाचून झाल्यावर तुम्ही आता उलटाल तसंच निवांत पान उलटणारी.