वेळेवर आल्याचा पुरावा

ओसाका शहराच्या उपनगरी रेल्वेचा सखोल अभ्यास करून वाहतूक सुधारणा समितीचे सात सदस्य नऊ दिवसांनी वसईला परतले. तिथल्या गाड्या सेकंदावर चालतात, हे समितीने मोठ्या मनाने मान्य केलं. पण तिच्या डोळ्यांत भरली ती वेगळीच गोष्ट. गाडी पाच मिनिटं जरी लेट झाली, तरी स्टेशनवरचा माणूस कमरेत वाकून प्रवाशांना चिठ्ठी देतो. ती कचेरीत दाखवली की लेटमार्क लागत नाही. गाड्या वेळेवर आणायच्या तर रूळ लागतात, डबे लागतात, माणसं लागतात. चिठ्ठीला शिक्का पुरतो. तेव्हा आधी चिठ्ठी आणायचं ठरलं.

समितीच्या हातात रेल्वे नव्हती. गावागावांतून स्टेशनकडे येणाऱ्या बस होत्या. महिनाभरात माणिकपूरच्या थांब्यावर ‘विलंब दाखला’ खिडकी उघडली. कमरेत वाकायला कर्मचारी तयार होईनात, म्हणून खिडकीच बुटकी बसवली. मग प्रवासी वाकू लागले.

जयराम समितीच्याच कचेरीत हंगामी कारकून. गास गावाहून सायकल मारत यायचा आणि दहाच्या ठोक्याला टेबलाशी बसायचा. कायम होणारी जागा एकच होती, आणि ती मिळाल्याशिवाय हेमांगीच्या घरचे लग्नाची तारीख धरायला तयार नव्हते.

अशात हजेरीपुस्तकात ‘दाखला क्रमांक’ असा नवा रकाना आला. समितीचे अध्यक्ष चंद्रहास साहेब यांनी जयरामला आत बोलावलं.

“तुमचा रकाना कोरा कसा?”

“साहेब, मी वेळेवर येतो.”

“पुरावा?”

“रोज दहाला मी इथेच असतो की.”

“दहाला इथे बघायला असतं कोण?” साहेब म्हणाले. ते स्वतः बाराला येत, दाखल्यासह.

जयराम खिडकीपाशी जाऊन वाकला. आतल्या वसुंधराबाईंनी विचारलं, “किती उशीर?”

“उशीर नाही झाला, मॅडम. तसाच दाखला पाहिजे.”

“अरे भाऊ, तसा फॉर्मच नाही. आधी लेट हो, मग ये.”

तो झाला. सायकल पडवीत गेली. बस चाळीस मिनिटं उशिरा, खिडकीवरची रांग तासाची, रांगेत झालेल्या उशिराचा दाखला वेगळा आणि त्याची रांगही वेगळी. कचेरीत पोचेपर्यंत डबा खायची वेळ व्हायची. जयरामला स्वतःची लाज वाटे, पण रकाना भरत होता. “आता कसं वळण लागलं,” साहेब म्हणाले.

निवडीच्या दिवशी सकाळी गासच्या थांब्यावर आक्रीत घडलं. बस वेळेवर आली.

“चला, बसा ना,” ड्रायव्हर क्लिफर्ड म्हणाला. “आज रोड एकदम खाली होता.”

कोणी जागचं हलेना.

“सांगून तरी यायचं, बाबा,” जयराम कळवळून म्हणाला. “आज माझी निवड आहे.”

बस रिकामी गेली. क्लिफर्डला विनापरवानगी वेळेवर आल्याबद्दल ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाली. जयराम तिसऱ्या बसने निघून, तीन दाखले घेऊन दीडला पोचला; साहेब अजून यायचे होते. जागा त्यालाच मिळाली. एकसष्ट दाखले कचेरीत दुसऱ्या कोणाकडेच नव्हते.

लग्न झालं. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा होता. तुम्हीही होतात की. साडेबाराला आलात, तडक जेवायला बसलात, आणि शेजाऱ्याला मोबाइलवर ओसाकाच्या गाडीचा व्हिडिओ दाखवत म्हणालात, “आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही.”