सोपानतात्यांची टाकी

नवं कपाट घरी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या इस्त्रीच्या शर्टांखाली एक तांदळाची भाकरी सापडली. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तात्या ठेवून गेलेत, सकाळी न्यायला येणार आहेत. सकाळी तात्या आले, भाकरी काढली, माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाले, "हुंगा." मी हुंगली. रंगाचा वास येत नाही म्हटल्यावर कपाट पास झालं.

सोपानतात्या आमचे भोरमधले शेजारी. मूळचे भोंगवलीचे. कोणतीही बंद होणारी वस्तू, मग ती पेटी असो, फ्रीज असो की पाण्याची टाकी, तिच्यात एक रात्र भाकरी ठेवल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम. वासाच्या बाबतीत भाकरीएवढं हळवं जगात काही नाही म्हणे. "दुकानदार खोटं बोलंल, भाकरी खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गल्लीतल्या एकाच्या जावयाने नवी गाडी दाखवायला आणली, तेव्हा तिच्या सीटखालीही तात्यांनी भाकरी ठेवली आणि नेमके न्यायला विसरले. आठ दिवसांनी जावई नाकाला रुमाल लावून गाडी परत करायला निघाला होता.

तात्यांचा धंदा डोंगरातल्या इंजिनांचा. वेल्ह्याच्या पुढच्या वाड्यावस्त्यांवर भाताच्या गिरण्या, मळणीची यंत्रं, पाण्याची इंजिनं बंद पडली की लोक तात्यांना फोन करतात. तिकडे जवळपास पंप नाही, म्हणून डिझेलही तात्यांनाच न्यावं लागतं. त्यांच्या पिकअपच्या मागच्या हौद्यातून डिझेलचे कॅन दोनदा चोरीला गेले, तेव्हापासून कॅन केबिनमध्ये, शेजारच्या सीटवर. पाने, जॅक आणि घण भरलेलं पोतं त्या सीटच्या पायाशी. त्यामुळे तात्या वर्षानुवर्षं ते घाट एकटेच चढत आणि एकटेच उतरत आले.

आता शेवंताकाकू. तात्यांची बायको. त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर वेल्ह्याच्या पलीकडे एका वाडीत आहे. काकूंचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, आणि भेट होऊन दोन वर्षं झाली. तात्यांनी एकदा कॅन आणि पोतं बाजूला काढून काकूंना पिकअपमध्ये बसवलं. पण डिझेल सीटमध्ये इतकं मुरलेलं की कापूरहोळ येईपर्यंत काकूंना तीनदा उलटी झाली आणि वरात तिथूनच मागे फिरली. त्यानंतर काकूंनी त्या गाडीकडे पाठ फिरवली. आणि मग पावसाळ्याच्या शेवटी बहिणीचा निरोप आला. डोळे चाललेत. मला दिसतंय तोवर तोंड दाखवून जा.

त्या दिवसापासून तात्यांना टाकीने पछाडलं. कुणीतरी सांगितलं होतं की केबिनच्या मागे हौद्यात बसणारी एकच पत्र्याची पेटी मिळते. खाली डिझेलची टाकी, वर हत्यारांचा कप्पा, दोन्हीला कुलूप. तशी पेटी बसली की सीट मोकळी होणार, गादी बदलता येणार आणि काकू बहिणीकडे जाणार. एवढा साधा मामला. एखाद्याने ती एका दुपारी घेतली असती. तात्यांनी दोन महिने घेतले आणि दर खेपेला मला बरोबर घेतलं. मीच का, तर मी कचेरीतला माणूस. "तुमी तंबाखू खात न्हाई, तपकीर वढत न्हाई. तुमचं नाक कोरं हाय, भाऊसाहेब." आयुष्यात माझं कौतुक फार जणांनी केलेलं नाही, त्यामुळे मीही जात राहिलो.

पहिली पेटी हायवेवरच्या दुकानातली. चकचकीत, आरशासारखी. तात्यांनी खालच्या टाकीत डिझेल ओतायला लावलं, वरच्या कप्प्यात भाकरी ठेवली आणि उद्या येतो म्हणाले. दुकानदाराचा आधी समज झाला की म्हातारा डबा विसरून चाललाय. दुसऱ्या दिवशी मी भाकरी हुंगली, आणि मला तिचा घास घेण्याचीही गरज पडली नाही. टाकीची हवा बाहेर सोडणारी नळीच वरच्या कप्प्यात उघडत होती. दुकानदार म्हणाला, हत्यारांना थोडा वास लागला तर काय बिघडलं? तात्यांनी त्याला शांतपणे समजावलं. पेटीचा वास हत्यारांना लागणार, हत्यारांचा हाताला, हाताचा स्टेअरिंगला, आणि स्टेअरिंगचा आमच्या मंडळींना. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दुसरी पेटी कापूरहोळच्या एका गॅरेजमध्ये तयार पडलेली होती. दणकट, लोखंडी. भाकरी ठेवली. पण त्या रात्री मला सर्दी झाली आणि सकाळपर्यंत नाक असं चोंदलं की त्याचा असून नसून उपयोग नव्हता. सांगायला हवं होतं. पण कोऱ्या नाकाचा मान एकदा मिळाला की सोडवत नाही. मी भाकरी हुंगली, वर ऐटीत एक तुकडाही खाल्ला आणि म्हटलं, "झकास. घ्या."

तात्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पेटी आजच बसवा म्हणून त्यांनी गॅरेजवाल्याला सांगितलंही, आणि त्या खुशीत उरलेली भाकरी तिथल्या कुत्र्यापुढे टाकली. कुत्रं धावत आलं, वाकलं, भाकरी हुंगली, दोन पावलं मागे सरलं आणि मला काय समजायचं ते समजून निघून गेलं.

तात्यांनी भाकरी उचलून गॅरेजवाल्याच्या नाकाशी धरली. तो बिचारा म्हणाला, येतोय की वास. तात्या एवढे संतापले की पेटी राहिली बाजूला, मला धरून समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. मलाही राग आला. मी म्हटलं, सकाळी सहाला उठून शिळ्या भाकऱ्या खातोय, त्याचं काही नाही? आणि एवढाच जिवाचा आटापिटा आहे तर स्वतः का नाही हुंगत?

तात्यांनी हातातली भाकरी बाकावर ठेवली. चहा आला, त्यावर साय धरली.

"मला वास येत न्हाई, भाऊसाहेब," ते शेवटी म्हणाले. "धा वर्सं झाली आसतील. डिझेलचा न्हाई, फुलाचा न्हाई, कशाचाच न्हाई. ती बाजूला बसून कासावीस झाली तरी मला कळायचं न्हाई. घाटात कुठं थांबवू गाडी? म्हनून तुमाला आनतो."

काकूंना हे ठाऊक आहे का, असं मी विचारलं. तात्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तिला सांगू नगा. रोज जेवाय बसलो की म्या म्हनतो, काय घमघमाट सुटलाय! तिला तेवढंच बरं वाटतं."

मला माझी इतकी लाज वाटली की मी सर्दीची हकीगत तिथेच कबूल करून टाकली. तात्या म्हणाले, आसू द्या, नाक हाय म्हटल्यावर सर्दी व्हायचीच. पुढचे आठ दिवस मी रोज वाफारा घेतला. परीक्षेच्या वर्षीसुद्धा मी एवढी तयारी केली नव्हती.

तिसरी पेटी कामथडीच्या एका कारागिराने सांगितल्याबरहुकूम केली. टाकी आणि कप्पा यांच्यात बोटभर फट, झाकणाला रबर, हवेची नळी थेट हौद्याच्या खाली. भाकरी दोन रात्री ठेवली. मी हुंगली, खाल्ली, पुन्हा हुंगली. फक्त तांदूळ. तरीही खात्रीसाठी अर्धी भाकरी कारागिराच्या कुत्र्याला घातली. कुत्र्याने ती खाऊन आणखी मागितली, तेव्हा कुठे तात्यांनी मला आणि कुत्र्याला मिळून पास केलं.

सीटची गादी बदलली, केबिन सोड्याने धुतली, आणि एका रविवारी आम्ही निघालो. मला पुण्याला जायचं होतं, म्हणून कापूरहोळपर्यंत मी मध्ये बसलो. खिडकीशी काकू, चांगलं लुगडं नेसून, मुठीत लिंबू धरून. तात्या रस्त्याकडे कमी आणि माझ्यावरून काकूंकडे जास्त बघत होते. मला कोपराने ढोसून भुवई वर करायचे. मी मान हलवायचो, नाही येत. पाच मिनिटांनी पुन्हा ढोस. कापूरहोळचा फाटा येईपर्यंत माझी बरगडी हुळहुळली. काकूंनी मात्र लिंबू एकदाही नाकाला लावलं नव्हतं. ते पाहून माझ्याच छातीवरचं ओझं उतरलं.

फाट्यावर तात्या मेव्हणीसाठी केळी आणायला उतरले. मीही खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. काकू हसल्या. म्हणाल्या, "लई ढोसलं व्हय तुमाला? त्यास्नी वास येत न्हाई, म्हनून तुमाला इचारत्यात."

मी चपापलो. तुम्हाला कसं कळलं, म्हणून विचारलं.

"लई वर्सं झाली. एकदा माझी आमटी करपली हुती. गल्लीभर धूर. हे पाटावर बसले आन म्हनाले, काय घमघमाट सुटलाय! तवाच कळलं."

"मग कधी बोलला कशा नाहीत?"

काकूंनी रस्त्यापलीकडे पाहिलं. तात्या प्रत्येक केळं दाबून बघत होते आणि केळीवाला वैतागला होता.

"बोलले आसते तर म्हनायचं सोडलं आसतं त्यांनी," काकू म्हणाल्या. "आन मला ते रोज ऐकायचं आसतं."

तात्या केळी घेऊन आले, सीटवर बसले आणि सवयीने माझ्याकडे बघून भुवई उचलू लागले. मी खाली उभा होतो. काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"वास न्हाई," त्या म्हणाल्या. "अजाबात न्हाई. चला, आक्का वाट बघत आसंल."

तात्यांनी माझ्याकडून खात्री करून घेतली नाही. गाडी सुरू केली आणि नसरापूरच्या दिशेने वळवली.