अडतीसपैकी अडतीस

तिसरीच्या बाईंनी फोनवरचं ‘पाठवा’ दाबलं, निकाल बघितला, आणि आपलं बोट तोडून टाकावं असं त्यांना वाटलं. अडतीसपैकी अडतीस मुलं पास! बाईंच्या हिशेबानं त्यातल्या अकरांना फळ्यावरचा प्रश्नसुद्धा वाचता येत नव्हता.

पूर्वी बाई मुलाला जवळ बोलावत, पुस्तक पुढे धरत आणि मूल जिथं अडखळेल तिथं वहीत टिंब देत. ती टिंबांची वही केव्हाच मोडीत निघाली. दरवर्षी नवी पद्धत येई, तिचं प्रशिक्षण होई, आणि प्रशिक्षणातला चहा पचायच्या आत ती जुनी होई. यंदाची पद्धत कार्डांची. प्रत्येक मुलाकडे एक चौकोनी कार्ड, चार कडांना अ, ब, क, ड. फळ्यावर प्रश्न. उत्तराची कड वर करून मुलानं कार्ड धरायचं, बाईंनी वर्गावरून फोन फिरवायचा. बरोबर उत्तराला फोनवर हिरवी खूण, चुकलेल्याला लाल; कार्ड फिरवलं की खूणही बदले. निकाल थेट वरच्या कचेरीत.

त्याच कचेरीनं कच्च्या मुलांसाठी एक ताई दिली होती. ती रोज तासभर त्यांना व्हरांड्यात घेऊन बसे. सोळांतली पाच मुलं तिनं वाचती केली होती, अकरा उरली होती. आणि नियम असा की कच्ची मुलं नाहीत, तर ताईही नाही.

बाई धावतच मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते शाळेच्या फलकावर खडूनं ‘शंभर टक्के’ रंगवत होते.

“सर, हा निकाल खोटा आहे. माझी अकरा मुलं नापास आहेत.”

“बाई, हळू बोला, कुणी ऐकेल!”

“ऐकू दे की. ताईचं काम बंद होईल.”

“अहो, लोक पास करा म्हणून पाया पडतात. तुम्ही नापास करा म्हणून भांडताय? निकाल गेला वर. वर गेलेलं खाली येत नसतं.”

बाई वर्गात परतल्या. शेवटच्या बाकावरची एक मुलगी पापणीही न लववता माणसाकडे बघत बसायची, म्हणून सगळी शाळा तिला टकमक म्हणे. बाईंनी तिच्यापुढे पुस्तक धरलं.

“वाच बरं, हे काय आहे?”

“घार.”

“ते बदक आहे.”

“चित्र नीट काढलं नाही, बाई.”

“मग मघाशी दहापैकी दहा उत्तरं बरोबर कशी आली तुझी?”

टकमकला या प्रश्नाचंच नवल वाटलं. “तुमच्या कपाळाला आठी पडली की कार्ड फिरवायचं. आठी गेली की थांबायचं. सगळे तसंच करतात.”

बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी वर्गाला बरंच काही शिकवलं होतं. पण सगळा वर्ग एकदम शिकला अशी ही पहिलीच गोष्ट, आणि ती त्यांनी शिकवलेलीच नव्हती.

त्यांनी कचेरीला अर्ज केला: फेरतपासणी व्हावी, आणि फोन माझ्या हाती नसावा. अर्ज वाचून कचेरी हादरली. स्वतःच्या निकालाविरुद्ध तक्रार! म्हणजे नक्की काहीतरी मोठं लफडं असणार. आठवड्याच्या आत खुद्द साहेब आले.

बाईंनी मुलांना आधीच दम भरला होता, “माझ्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही!” शिवाय स्वतः शेवटच्या बाकामागे भिंतीकडे तोंड करून बसल्या. साहेबांनी फोन उचलला.

साहेबांचंही एक दुखणं होतं. शंभर टक्के निकालाची शाळा म्हणून त्यांनी हीच शाळा आणखी वर कळवून टाकली होती. आता निकाल पडला, तर तेही पडणार होते. लाल खूण दिसली की त्यांचा चेहरा उतरे. हिरवी दिसली की मान डोले आणि तोंडून “शाब्बास” निघे. मुलांनी कार्डं फिरवली, साहेबांची मान डोलली, कार्डं थांबली. बाईंना भिंतीपाशी एकामागून एक दहा वेळा “शाब्बास” ऐकू आलं.

“अडतीसपैकी अडतीस!” साहेबांनी घाम पुसला. “बाई, तुमचा स्वतःच्या शिकवण्यावर विश्वासच नाही. तुम्हाला प्रशिक्षणाला पाठवतो.”

“साहेब, एकदा पुस्तक पुढे धरून बघा. एकाच मुलाला विचारा.”

“ती जुनी पद्धत झाली. त्यात माणूस चुकतो.”

ताईचं काम बंद करण्याचा कागद साहेबांनी सोबतच आणला होता. दोन्ही निकाल सारखे आल्यामुळे त्यावर सही करणं सोपं गेलं.

शाळा सुटली. व्हरांड्यात ताई अक्षरांचे पुठ्ठे पिशवीत भरत होती. टकमक कार्ड हातात धरून बाईंपाशी आली.

“बाई, साहेबांचं तोंड तुमच्यापेक्षा सोपं आहे. तुम्ही नुसती आठी घालता. ते मानपण हलवतात.”

“हो का?”

“बाई, ताई उद्या येणार ना?”

बाईंनी कपाळ शक्य तेवढं सरळ केलं, तोंडभर हसल्या आणि म्हणाल्या, “येणार तर!”

टकमक पापणी न लववता त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हातातलं कार्ड फिरवलं.