आता डाव आजोबांचा

टिंग!

खोलीत दहा माणसं होती आणि कोणीच बोलत नव्हतं. आजोबांना जाऊन चार दिवस झाले होते. कोपऱ्यात त्यांचा जुन्या खेळांचा कॉम्प्युटर बंद पडून होता, पण त्याच्या डोक्यावर चिकटवलेला पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा पडदा पुन्हा उजळला आणि त्यावर अक्षरं सरकू लागली : ‘आजोबा, उठा. तुमचा डाव.’

भेटायला आलेले शेजारचे काका खुर्चीतून अर्धे उठले, मग आपण आजोबा असलो तरी हे आजोबा नव्हे हे लक्षात येऊन परत बसले.

ही करणी सुनेची. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या आजोबांनी भंगारातला कॉम्प्युटर जिवंत केला होता. कोणाचा डाव, किती गुण, हे सांगणाऱ्या छोट्या पडद्याचा प्रोग्रॅम सुनेने आपली लेक चिमी दुपारी झोपली की दोन-दोन ओळी करत लिहिला होता. आजोबांची तक्रार एकच : “सूनबाई, मला डुलकी लागली की ही लबाड चिमी माझा डाव खाते.” म्हणून तिने नियम घातला, आजोबांनी आपलं सुटं हिरवं बटण दाबल्याशिवाय डाव पुढे जाणार नाही. डुलकी लागते, म्हणून दर दहा मिनिटांनी टिंग. कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा. वीज जाते, म्हणून पडद्याला वेगळी बॅटरी. सगळ्या शक्यता तिने धरल्या होत्या. एक सोडून.

“अगं, बंद कर ते!” नणंद कुजबुजली.

सुनेच्या नवऱ्याने वायर उपटली. दहा मिनिटांनी पुन्हा टिंग! त्याने पडद्यावर टॉवेल टाकला. टॉवेलखालून आवाज आणखीच केविलवाणा येऊ लागला.

“ते हिरवं बटण दाबून टाक ना एकदाचं.”

“ताई, ते चिमीने उशीखाली ठेवलंय. हात लावू देत नाही कोणाला,” सून म्हणाली.

पाच वर्षांच्या चिमीला नीट सांगायचं काम सगळ्यांनी एकमताने सुनेवर टाकलं होतं, आणि ती ते रोज उद्यावर ढकलत होती. आजही तिने सोपं काम आधी घेतलं. लॅपटॉप घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याशी उभ्याउभ्याच खेळाडूंच्या यादीतून ‘आजोबा’ हा शब्द खोडला. खोडताना हात थांबला, पण खोडला.

टिंग! टिंग! टिंग! टिंग!

“अहो सूनबाई,” बाहेरून काकांचा कापरा आवाज आला, “हे काय म्हणतंय बघा.”

टॉवेल घसरला होता. पडद्यावर लाल अक्षरं होती : ‘आजोबा सापडत नाहीत. शोध चालू आहे.’

“शोधतंय?” नणंदेने पदर तोंडाला लावला. “कुठे शोधतंय?”

सून लॅपटॉप घेऊन बाहेर धावली. डाव आजोबांचा आणि यादीत आजोबा नाहीत, म्हणून बिचारा प्रोग्रॅम सैरभैर झाला होता. तिने घाईघाईने आणखी एक ओळ घातली : खेळाडू सापडला नाही, तर तो हरला असं समजून पुढच्याला बोलाव.

टिंगटिंग थांबलं. सगळ्यांनी श्वास सोडला. आणि छोट्याशा पडद्यातून विजयाची धून वाजू लागली.

‘आजोबा बाद! आता नंबर आत्याचा.’

मागच्या सुट्टीत राहायला आलेल्या चिमीच्या आत्याचं नाव हौसेने यादीत घातलं होतं, ते सगळेच विसरले होते. नणंद पांढरीफटक पडली.

“माझा? अगं, माझी शुगर परवाच तपासलीय, सगळं नॉर्मल आहे!”

चार दिवस दगडासारखा बसलेला नवरा फिस्सकन हसला. मग काका हसले, मग नणंदही. नवऱ्याचं हसू मात्र थांबेना, आणि मध्येच कुठेतरी ते रडणं झालं. नणंदेने त्याचं डोकं मांडीवर ओढलं. धून वाजतच होती.

“आजोबा बाद नाहीत!”

दारात चिमी उभी होती, केस विस्कटलेले, मुठीत हिरवं बटण. “ते खेळलेच नाहीत, तर बाद कसे? आई, तू चीटिंग केलीस.”

“केली गं बाई,” सून म्हणाली. तिने मुकाट्याने नव्या ओळी पुसल्या आणि खोडलेला शब्द होता तिथे परत लिहिला.

टिंग! ‘आजोबा, उठा. तुमचा डाव.’

चिमीने बटण पडद्यासमोर नीट ठेवलं, आजोबांच्या उजव्या हाताला येईल असं. मग आईच्या मांडीवर चढून ती लॅपटॉपमधल्या आवाजाच्या आकड्यावर बोट ठेवून बसली.

“आई, हा किती मोठा केला की त्यांना ऐकू जाईल?”