उंबऱ्यावरची दुआ

कुकतेपा शहरातली यंत्रं दुआंवर चालतात. खालच्या वस्तीत प्रत्येक घरी, जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाच्या वर, छताला तांब्याची नळी टांगलेली असते. जेवणं आटोपली की घरातलं वडीलधारं माणूस ओंजळ पसरून दुआ देतं, तोंडावरून हात फिरवतं, आणि दुआ सूंऽ करत नळीतून वर जाते. तिच्यावर टेकडीवरच्या हवेल्या उबदार राहतात आणि तिथल्या चौकातलं कारंजं उडतं. टेकडीवर नळ्या नाहीत. तिथे तोट्या आहेत.

ही व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे, याबद्दल तोट्यांजवळच्या मंडळींत दुमत नाही.

खालच्या वस्तीतल्या मुहाय्यो ओपाच्या, म्हणजे मुहाय्योताईच्या लेकीचं, झीनतचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. आईची दुआ डोक्यावर उतरल्याशिवाय नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, ही तिथली रीत. दुआ तर ओठांतून निघाली की नळीत. ओपा दुआ-कार्यालयात गेली.

"साहेब, निरोपापुरती नळी बंद ठेवा. घोटभर दुआ लेकीला देते."

तोश्मुरात साहेबांनी चहावर फुंकर मारली. "ओपा, लेक तुमची. दुआ सार्वजनिक."

"माझ्याच पोटातून निघते ना ती?"

"कापूसही शेतातून निघतो. शेत कधी सदरा मागायला आलंय?"

ओपा काही हलेना. साहेब मनाने मऊ होते, ते हळूच म्हणाले, "नळी फक्त मनापासूनची दुआ ओढते. तुम्ही वरवरची द्या. आम्ही टेकडीवर एकमेकांना तसलीच देतो. काही अडत नाही आमचं."

ओपा घरी येऊन वरवरच्या दुआ घोकू लागली. आयुष्यात कधी केलं नव्हतं, त्यामुळे जड गेलं.

निरोपाची वेळ आली. वऱ्हाडी अंगणात चहा पीत बसले. झीनत उंबऱ्यात वाकून उभी राहिली. ओपाने मन बाजारातल्या मुळ्यांच्या भावात गुंतवलं आणि कोरडेपणाने म्हणाली, "सुखी राहा." नळी गप्प राहिली. दुआ अलगद झीनतच्या डोक्यावर उतरली, आणि त्या थंडगार स्पर्शाने पोरगी दचकली.

"आई, रागावलीस माझ्यावर?"

झालं. ओपाचा बांध फुटला. "नाही गं माझ्या सोन्या, तुझं घर भरलेलं राहो, तुझ्या डोळ्यांत कधी..."

पुढचं झीनतला ऐकूच आलं नाही. नळीने सगळं एका दमात ओढून नेलं. टेकडीवर कारंजं असं उसळलं की लोकांनी छत्र्या उघडून टाळ्या वाजवल्या.

कार्यालयाने तातडीने दखल घेतली. एका निरोपातून इतकी शक्ती निघते, तर निरोप संपवायचा कशाला? हुकूम सुटला: झीनतने उंबऱ्यातच उभं राहावं, आईने रोज निरोप द्यावा. ओपा रोज ठरवते, आज कोरडं बोलायचं. रोज लेकीचं तोंड बघते आणि नळी भरते.

वऱ्हाडी अजून चहाच पीत आहेत.

पण एका आईवर शहर किती दिवस काढणार? कार्यालयाने शोध लावला की दूरवरच्या माणसांच्या हळहळीवरही कारंजं चालतं, फक्त हळहळणाऱ्याने जागचं उठता कामा नये. म्हणून ही गोष्ट सगळीकडे पोचवायची व्यवस्था झाली.

वाचकहो, आत्ता झीनतसाठी तुमच्या तोंडून 'अरेरे' निघालं असेल. आभारी आहोत. पाणी हातभर वर गेलं.